जिन्याच्या दारातली वीट

उंच इमारतीतल्या आगीत माणसं ज्वाळांपेक्षा धुरानेच जास्त दगावतात. गरम धूर हलका, तो वर धावतो; जिना म्हणजे त्याला आयतं धुराडंच! म्हणून जिन्याला आपोआप बंद होणारं फायर डोअर असतं. ते बंद असेल तरच खाली उतरायला वाट उरते.

लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरच्या आगीत २०१७ साली ७२ जण गेले. आग बाहेरच्या पॅनेलवरून चढली खरी. पण फ्लॅट्सची कितीतरी दारं आपोआप बंद होत नव्हती, त्यामुळे धूर लॉबीत आणि एकुलत्या एका जिन्यात शिरला.

आणि आपण? हवा यावी म्हणून त्याच दाराला वीट लावतो! आज रूमवर जाताना तेवढी वीट काढाच. आग लागलीच तर लिफ्ट विसरा, आणि बाहेर पडताना दार ओढून घ्या.