बोलताना दोन, गाताना चार

हिंगोली जिल्ह्यातला सेनगाव तालुका घ्या. कागदावर चार अक्षरे : से, न, गा, व. पण स्टँडवर कंडक्टर ओरडतो तेव्हा ऐकू येतात दोनच तुकडे, सेन्-गाव्. वसमतचेही तेच, वस्-मत्. कळमनुरीची लिहिताना पाच अक्षरे, तोंडून चार. ‘न’, ‘व’ अशा अक्षरांतला अ आपण सवयीने गिळतो, तरी त्याला नियम आहे. शब्दाच्या शेवटचा अ बहुधा जातोच. मधला जातो तो व्यंजनांची गर्दी होणार नसेल तरच. म्हणून कळमनुरीत ‘म’चा अ जातो, ‘ळ’चा राहतो, दोन्ही गेले तर ‘ळ्म्न्’ म्हणणार कोण?

याच जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मगाव मानतात. बोलताना त्यांचे नाव नाम्-देव्. अभंगात मात्र गिळलेले अ परत येतात आणि ना-म-दे-व अशी चार अक्षरे मोजली जातात. मोठ्या अभंगाचा साचा ६-६-६-४, लहानाचा ८-८. ‘छंदोरचना’कार माधव जूलियन यांनी दाखवले की छंदात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद उरत नाही, प्रत्येक अक्षर लांबवून म्हटले जाते. एखादे अक्षर कमी-जास्त झाले, तर संतांनी फिकीर केलेली दिसत नाही. टाळ ते सांभाळून घेतो.

स्पॅनिश कवीही अक्षरेच मोजतो. तिथल्या ‘रोमान्से’ या जुन्या कथागीतांची ओळ आठ अक्षरी. पण त्याच्या मोजणीत आघात लुडबुड करतो. शब्द स्वराने, न् किंवा स् ने संपला, तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्यावर; अपवाद असला की स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ. ‘पापा’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर दिला तर अर्थ पोप, दुसऱ्यावर दिला तर बाबा! मराठीत जोर कुठेही द्या, नर्सी नर्सीच राहते. गंमत पुढे आहे : स्पॅनिश ओळीच्या अगदी शेवटच्या अक्षरावर आघात असेल, तर मोजताना एक अक्षर वाढवतात. तो शेवटून तिसऱ्यावर असेल, तर एक वजा करतात. म्हणजे पहिल्या प्रकारात तोंडाने सात म्हणायचे आणि हिशेबात आठ लिहायचे.

मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकाला स्पॅनिश म्हणूनच सोपी, जोर कुठे ते लिखाणातच कळते. मराठीत त्याला आधी अ गिळायला शिकवावे लागते आणि पुढ्यात अभंग आला, की तोच नियम विसरायला लावावा लागतो.