तुळईवरचा वाचक

मराठीतला पहिला शिलालेख कोणता, या वादात आजवर जेवढी शाई खर्ची पडली, तेवढी त्या लेखांत म्हटले आहे तरी काय, यासाठी पडलेली नाही. शाळेत आपण श्रवणबेळगोळ पाठ केले. पुढे अलिबागजवळच्या अक्षीचे नाव पुढे आले. आणि या दोघांच्या जोडीला दक्षिण सोलापूर तालुक्यातले हत्तरसंग कुडल येऊन बसले. भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे संगमेश्वराचे देऊळ आहे आणि त्याच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८-१९ चा, जेमतेम अडीच ओळींचा लेख आहे. शेजारी हरिहरेश्वराचे जुळ्या गाभाऱ्यांचे देऊळ आहे, आणि ३५९ मुखे कोरलेले ते बहुमुखी शिवलिंगही. बहुतेक भाविक ते लिंग पाहून परततात. तुळईकडे मान वर करून पाहणारे थोडे, आणि मला सांगायचे आहे ते त्या तुळईबद्दलच.

लेख संपतो तो ‘वाछि तो विजेया होईवा’ या शब्दांनी. जो वाचील तो विजयी होईल. आता याच्या शेजारी श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वर-मूर्तीपाशी कोरलेली ओळ ठेवावी. तिथे चामुंडराजाने ‘करवियले’ असे क्रियापद आहे आणि त्याचा कर्ता दहाव्या शतकातला गंगांचा मंत्री आहे. अक्षीचा लेख महालक्ष्मीसाठी दिलेल्या दानाचा आहे. यादवकाळातले अनेक दानलेखही याच जातीचे : अमक्याने अमुक दिले, आणि जो ते मोडील त्याला गाढवाचा शाप. या साऱ्या लेखांत वाचणारा कुणी असेलच तर तो साक्षीदार असतो, फार तर संभाव्य गुन्हेगार. कुडलच्या शेवटच्या वाक्यात मात्र क्रियापद पुढच्या काळाकडे पाहते, कर्ता बिननावाचा आहे आणि तो कर्ता म्हणजे वाचक. दगडावर कोरलेली मराठी वाचणाऱ्याला आशीर्वाद देते. या लेखाचे मोल त्याच्या सालापेक्षा इथे अधिक आहे, असे माझे मत आहे.

सालाचा प्रश्न थोडक्यात उरकता येतो. दक्षिणेच्या गणनेत शकात १२ मिळवून ६० ने भागले की बाकी संवत्सराचा क्रमांक देते. ९४० चे ९५२ होतात, बाकी ५२ उरते, आणि बावन्नावा संवत्सर कालयुक्त. लेखातही तोच आहे. शक आणि संवत्सर एकमेकांना दुजोरा देतात. श्रवणबेळगोळच्या ओळीला स्वतःची तारीखच नाही. गोमटेश्वराची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची म्हणून ओळही तेव्हाची, असे आपण धरून चाललो. पण तिच्याच जोडीला गंगराजाने ‘सुत्ताले’ (मूर्तीभोवतीचे आवार) करविल्याची ओळ आहे आणि गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, बाराव्या शतकातला. दोन्ही ओळी त्याच वेळी कोरल्या असाव्यात, हा तर्क मला पटतो. अक्षीचे शके ९३४ हे वाचन वादग्रस्त आहे. ते टिकले तर अक्षी सहा वर्षांनी वडील ठरते. ठरू द्यावे. वाचकाला उद्देशून लिहिलेले वाक्य त्यामुळे कुडलहून हलत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की ही नुसती फलश्रुती आहे. पोथीच्या शेवटी असते तशी, साच्यातली. साचा आहे हे कबूल. पण साचाच हवा होता तर संस्कृतातला तयार होता आणि लेखाचा आरंभ ‘स्वस्ति श्री’ने झालेलाच आहे. शेवटाला येऊन लिहिणारा लोकांच्या बोलीत उतरतो. संस्कृत न कळणारा, पण अक्षर लावू शकणारा कुणी या देवळात येईल, अशी त्याची अपेक्षा नसती तर हा बदल करण्याचे कारण काय? असे वाचक किती होते हे एका वाक्यावरून सांगता येणार नाही. पण अशा वाचकाची कल्पना करता येत होती, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ‘वाछि’ म्हणजे ‘वाची’ कशावरून? अनुस्वार सुटला असे धरले तर ‘वांछि’, म्हणजे इच्छा करील, असाही अर्थ निघेल. अर्थाची ही वाट पूर्ण बंद करता येत नाही. मात्र दगडावर अनुस्वार नाही. ‘वांछी’ घेतले तर काय इच्छील याचे कर्म बाहेरून आणावे लागते, आणि ‘वाची’ घेतले तर कर्म समोरच आहे : हा लेख. च आणि छ यांची सरमिसळ कानावर विसंबून लिहिणाऱ्याच्या हातून सहज होते. शुद्धलेखनाचे नियम अजून ठरायचे होते.

तिसरा आक्षेप भूमीचा. शके ९४० मध्ये इथे कल्याणीच्या चालुक्यांचे, दुसऱ्या जयसिंहाचे राज्य होते. गावाचे नावही कन्नड : ‘कूडु’ म्हणजे मिळणे, कुडल म्हणजेच संगम. बसवेश्वरांच्या वचनांत येणारा कूडलसंगमदेव कृष्णा-मलप्रभेच्या संगमावरचा, पण शब्द तोच. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये दक्षिण सोलापुरातली गावे म्हैसूरला द्यावीत असे सुचवले, तेव्हापासून तर इथल्या प्रत्येक दगडाकडे पुरावा म्हणूनच पाहिले जाते. एक बाजू म्हणते, मराठी लेख आहे म्हणून भूमी आमची. दुसरी म्हणते, भोवतालचे लेख कन्नड आहेत म्हणून आमची. दोन्ही दावे दगडावर अन्याय करणारे आहेत. याच भीमेवर वर पंढरपुरात होयसळ सोमेश्वराचा १२३७ चा लेख संस्कृत-कन्नडात आहे आणि १२७३ पासूनचा चौऱ्यांशीचा लेख मराठीत. एकाच देवाला दोन भाषांतून दान पोचत होते. कन्नड राजवटीत, कन्नड नावाच्या संगमावर मराठी वाचकासाठी जागा होती, ही गोष्ट मला दोन्ही दाव्यांपेक्षा मोठी वाटते.

दोन भाषांची ही गुंफण ओळखू शकला तो माणूसही याच मातीतला. सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी विद्यापीठातल्या पदाशिवाय, गावोगाव फिरून लेखांचे ठसे जमवले आणि कुडलचा लेख उजेडात आणला. धारवाडचे श्रीनिवास रित्ती यांच्यासह त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या कोरीव लेखांचा संग्रह सिद्ध केला. त्यात कन्नडचा वाटा मोठा आहे. एक मराठी संशोधक आणि एक कन्नड अभ्यासक एकत्र बसले, म्हणून जिल्ह्याचा हा दुभाषी दप्तरखाना वाचता आला. कुंभार २०१९ मध्ये गेले. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा भाषेचे वय मोठ्या अभिमानाने मोजले गेले. पाठ्यपुस्तकात या लेखाचे साल छापावेच. पण साल एका ओळीत आटोपून उरलेली जागा त्या क्रियापदाला द्यावी, मुलांना ती अक्षरे लावायला सांगावीत, आणि शेजारी त्याच जिल्ह्यातला एक कन्नड लेख ठेवावा.