‘थकबाकी’, ‘वकील’ आणि ‘हप्ता’ : व्यापारी कराच्या परिभाषेतील तीन शब्द

करखात्याचा कागद हाती पडला म्हणजे लहान व्यापारी बहुधा प्रथम रकमेचा आकडा पाहतो. जाणता कर-सल्लागार आधी कागदाचे नाव आणि तारीख पाहतो. हा भेद केवळ सवयीचा नव्हे. २०१७ च्या वस्तू व सेवा कर अधिनियमात ‘कारणे दाखवा’ नोटीस आणि ‘आदेश’ या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीस उत्तर द्यावयाचे असते. दुसऱ्याविरुद्ध अपील करावयाचे असते, आणि त्याची मुदत आदेश कळविल्यापासून तीन महिन्यांची असते. पुरेसे कारण दाखविल्यास आणखी एक महिना मिळू शकतो, त्यापुढे नाही. बाजारात मात्र दोहोंसही ‘नोटीस’च म्हणतात. आदेशास साधे उत्तर धाडून जो स्वस्थ बसतो, त्याचा अपिलाचा हक्क एका शब्दापायी बुडतो.

‘थकबाकी’ हा शब्द मराठी ‘थकणे’ व अरबी ‘बाकी’ यांच्या जोडणीतून झालेला आहे. व्यवहारात थकबाकी एकच. कायद्याच्या दृष्टीने तीत निदान दोन जाती आहेत. व्यापाऱ्याने स्वतःच्या विवरणपत्रात दाखवून न भरलेला कर थेट वसूल करता येतो व त्यास हप्तेही मिळत नाहीत. अधिकाऱ्याने आदेशाने ठरविलेल्या कराविषयी वाद करता येतो. मान्य रक्कम पूर्ण आणि वादग्रस्त कराचा १० टक्के भाग भरून अपील केले, म्हणजे उरलेल्या रकमेची वसुली स्थगित राहते. एकाच व्यापाऱ्याच्या देण्यात या दोन्ही जाती मिसळलेल्या असू शकतात. त्या निवडून वेगळ्या करणे हे सल्लागाराचे खरे पहिले काम होय.

‘वकील’ म्हणजे ज्याच्यावर काम सोपविले तो. पेशव्यांचा वकील निजामाच्या दरबारी राही, तो न्यायालयात भांडण्यासाठी नव्हे, धन्याच्या वतीने बोलण्यासाठी. अधिनियमातील ‘अधिकृत प्रतिनिधी’ या जुन्या अर्थाच्याच अधिक जवळचा आहे. तो वकील, सनदी लेखापाल, परिव्यय लेखापाल, कंपनी सचिव किंवा जीएसटी व्यवसायी असू शकतो. इतकेच काय, नातलग वा दुकानातील कायम नोकरही चालतो. मात्र शपथेवर जबाब देण्यास बोलावणे आले, तर धन्यासच जावे लागते.

‘हप्ता’ हा फारसीत आठवडा. कलम ८० खालील हप्ता मात्र महिन्याचा. आयुक्तांकडे अर्ज केल्यास जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मिळू शकतात. व्याज चालूच राहते, आणि २५,००० रुपयांहून कमी रकमेस ही सवलत नाही. हप्त्यांची संख्या मोठी असली म्हणजे सवलत मोठी, असा सर्वसाधारण समज दिसतो. परंतु विक्रीची वही न पाहताच २४ हप्त्यांचे आश्वासन देणारा सल्लागार टाळलेला बरा. कारण एक हप्ता चुकला की उरलेली सर्व रक्कम तत्काळ देय होते, आणि तिच्या वसुलीसाठी पुन्हा नोटीस येत नाही.