पहिल्या पानावरचे चार दिवस

समजा, इंझोरीतल्या एखाद्या कृषी पदवीधराने सोयाबीनवर मराठीत वेबसाइट काढली. मानोरा तालुक्यातलं हे गाव. सोयाबीन, तूर, कपाशी ही या भागाची पिकं. कोणतं वाण या जमिनीत कसं आलं, चक्रीभुंगा कधी दिसला, कारंज्याच्या बाजार समितीत आज काय भाव निघाला, असं सगळं तो नेमाने लिहितो. पहिले काही दिवस गूगलवर साइटचा पत्ताच नसतो. मग एके सकाळी त्याचा चक्रीभुंग्यावरचा लेख शोधनिकालांत चौथ्या क्रमांकावर दिसतो. मित्र स्क्रीनशॉट पाठवतात. आठवडा-पंधरवड्यात तोच लेख तिसाव्या क्रमांकाच्याही खाली जातो, मध्येच वर डोकावतो, पुन्हा बुडतो. लेखातला एक शब्दही बदललेला नसतो.

जगभरच्या नव्या वेबसाइटींच्या वाट्याला हेच येतं, आणि बहुतेक जण त्याचा अर्थ चुकीचा लावतात. वर गेलो म्हणजे गूगलला लेख आवडला, खाली आलो म्हणजे काहीतरी दंड बसला, अशी समजूत होते. याच समजुतीवर ‘इतक्या पैशांत पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणणाऱ्यांचा धंदा चालतो. सुरुवातीच्या चढउतारात बहुतेक वेळा ना शाबासकी असते ना शिक्षा. यंत्राला त्या साइटबद्दल अजून पुरेसं ठाऊक नाही, एवढंच त्यातून कळतं.

आपण काही शोधतो तेव्हा सर्च इंजिन त्या क्षणी सगळं इंटरनेट धुंडाळत नाही. क्रॉलर नावाचे प्रोग्राम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पानं आधीच वाचून ठेवतात आणि त्यांची प्रचंड मोठी सूची तयार असते. आपल्याला उत्तर मिळतं ते या सूचीतून. नव्या साइटकडे कुठूनच लिंक येत नसेल, तर क्रॉलरला तिथे पोचायला वाटच नसते. साइटमालक आपल्या पानांची यादी स्वतः गूगलकडे देऊ शकतो. पण सूचीत शिरणं वेगळं आणि वरचा क्रमांक मिळणं वेगळं.

क्रमांक ठरवण्याची जी कल्पना गूगलच्या जन्माच्या मुळाशी आहे, ती लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थी असताना मांडली आणि 1998 मध्ये प्रसिद्ध केली. तिचं नाव पेजरँक. कल्पना करा, एक वाचक एका पानावर आहे. 100 पैकी 85 वेळा तो त्या पानावरच्या एखाद्या लिंकवर जातो, उरलेल्या 15 वेळा कंटाळून भलत्याच कुठल्यातरी पानावर उडी मारतो. असा तो अनंत काळ फिरत राहिला, तर ज्या पानावर तो वारंवार पोचेल ते पान महत्त्वाचं. ज्या पानाकडे कुणीच लिंक दिलेली नाही, त्याच्या वाट्याला त्या 15 टक्के उड्यांतला हिस्सा येतो, आणि तोही जगातल्या सगळ्या पानांत वाटून. पानं अब्जावधी असताना हा हिस्सा शून्याला चिकटलेलाच म्हणायचा. आज गूगल क्रमांक लावताना शेकडो गोष्टी पाहतं, पेजरँक त्यातली एक. पण नव्या साइटचं मूळ दुखणं या एका गणितात स्वच्छ दिसतं: तिला कुणी ओळखत नाही म्हणून ती खाली असते, आणि ती खाली असते म्हणून तिला कुणी ओळखत नाही.

या दुष्टचक्राचा अभ्यास करणाऱ्यांत आपल्या मुंबईचा वाटा आहे, आणि तो मराठी वाचकांपर्यंत फारसा पोचलेला नाही. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक सौमेन चक्रवर्ती हे वेबवरच्या शोधाचे जुने अभ्यासक. 2005 मध्ये त्यांनी आणि अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन व कॅलिफोर्निया विद्यापीठांतल्या संशोधकांनी मिळून एक शोधनिबंध सादर केला. त्याच्या वर्षभर आधी त्यांच्यापैकीच जुंगहू चो आणि सौराशीष रॉय यांनी दाखवलं होतं की, शोधनिकालांत लोकप्रिय पानंच वर ठेवत राहिलं तर चांगल्या नव्या पानाला वाचकांपर्यंत पोचायला कितीतरी जास्त काळ लागतो. 2005 च्या निबंधाने त्यावर उपाय सुचवला. निकालांची यादी पूर्णपणे लोकप्रियतेवर लावू नका. त्यातल्या सुमारे 10 टक्के जागांवर, कुणीच न पाहिलेली नवी पानं चिठ्ठ्या टाकून बसवा. बहुतेक नवी पानं टाकाऊ निघतील आणि वाचकाचं थोडं नुकसान होईल. पण जी चांगली निघतील ती लवकर ओळखली जातील, आणि एकूण हिशोबात वाचकाचाच फायदा होईल.

ही मंडळी नुसत्या समीकरणांवर थांबली नाहीत. त्यांनी विनोद आणि सुविचारांची एक खरीखुरी वेबसाइट उभारली आणि स्वयंसेवकांचे दोन गट केले. एका गटाला विनोद मतांच्या क्रमाने दिसायचे. दुसऱ्या गटाच्या यादीत कुणीच न वाचलेले विनोदही घुसवलेले असायचे. ज्या गटाला नव्याची भेसळ मिळाली, त्या गटाने ‘हसू आलं’ असा कौल स्पष्टपणे जास्त वेळा दिला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. नव्याला संधी देणं हा उपकार आहे असं आपण धरून चालतो; इथे त्याचा लाभ वाचकाच्या पदरात पडलेला मोजून दाखवला आहे.

नव्याची परीक्षा घ्यायची तर त्याला आधी थोडं वर आणावं लागतं. 1933 मध्ये विल्यम थॉम्पसन यांनी दोन औषधोपचारांपैकी कोणता चांगला, हे रुग्णांचं कमीत कमी नुकसान करून कसं शोधावं, याचं गणित मांडलं होतं. ज्याच्याबद्दल माहिती कमी, त्याला अधूनमधून संधी द्या, निकाल पाहा, अंदाज सुधारा, असं त्याचं सार. यादी लावणाऱ्या अनेक संगणकप्रणाली आज याच जातीचा विचार करतात. गूगल आतून नेमकं काय करतं हे ते उघड करत नाही, पण नव्या पानाच्या सुरुवातीच्या उसळीचा अर्थ लावायला हा विचार उपयोगी पडतो. ती उसळी गुणांची पावती नसून चाचणी असू शकते.

आणि चाचणीत नमुना लहान असला की निकाल डोलतात. हे इंझोरीच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पीकविम्यासाठी महसूल मंडळाचं उत्पन्न ठरतं ते पीक कापणी प्रयोगांवरून, म्हणजे निवडलेल्या प्लॉटांतलं पीक कापून, तोलून. प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या नियमांत महसूल मंडळाला प्रमुख पिकाचे किमान 10 प्रयोग सांगितले आहेत. ही नमुना पद्धत 1940 च्या दशकात शास्त्रीय पायावर बसवणारे पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे हे दोघेही मराठी संख्याशास्त्रज्ञ. एखादा प्लॉट नेमका चांगल्या वावरात पडला तर मंडळाची सरासरी वर जाते, खरडलेल्या जमिनीत पडला तर खाली येते. दहाच प्रयोग असले तर एकेक प्लॉट भारी पडतो. शंभर असते तर हा हेलकावा बराच निवला असता.

क्लिकचंही असंच. एखाद्या लेखावर 10 जणांपैकी 4 जणांनी क्लिक केलं, तर खरं प्रमाण साधारण 15 ते 70 टक्क्यांत कुठेही असू शकतं. 1,000 पैकी 400 जणांनी केलं, तर ते साधारण 37 ते 43 टक्क्यांत बांधलं जातं. जुनी साइट दुसऱ्या परिस्थितीत असते, नवी पहिल्या. आज दोन जणांनी लेख उघडून लगेच बंद केला, एवढ्यावरही नव्या साइटचा अंदाज हलू शकतो.

क्लिक मोजले जातात का, यावर वर्षानुवर्षं वाद होता. अमेरिकेत गूगलवर चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात 2023 मध्ये गूगलचे उपाध्यक्ष पांडू नायक यांची साक्ष झाली. ‘नॅवबूस्ट’ नावाची प्रणाली 13 महिन्यांचे क्लिक लक्षात ठेवते, हे त्या साक्षीतून जाहीर झालं. तेरा महिने म्हणजे एका खरिपापासून पुढच्या खरिपापर्यंत. ज्या साइटला जन्मून सहा आठवडे झालेत, तिच्याकडे ही पुंजीच नाही.

वयाचा मुद्दा आणखी एका बाजूने येतो. 2004 च्या सुमारापासून साइटमालकांमध्ये ‘सँडबॉक्स’ची कुजबुज आहे: गूगल नव्या साइटींना काही महिने मुद्दाम बाजूला ठेवतं म्हणे. गूगलचे लोक हे नाकारत आले. मे 2024 मध्ये गूगलची काही अंतर्गत तांत्रिक कागदपत्रं बाहेर आली, तेव्हा त्यांत साइटच्या वयाची एक नोंद आढळली आणि तिचा उपयोग ताज्या स्पॅमला अडवण्यासाठी असल्याचं लिहिलेलं होतं. कागदपत्रं खरी असल्याचं गूगलने मान्य केलं; संदर्भ सोडून त्यांचे अर्थ लावू नका, असंही बजावलं. 2012 मध्ये मंजूर झालेलं गूगलचं एक पेटंट तर याहून चमत्कारिक आहे. एखाद्या पानाचा क्रमांक बदलायचा झाला तर तो लगेच न बदलता उशिरा, टप्प्याटप्प्याने, कधी काही काळ उलट्या दिशेनेही हलवायचा, अशी योजना त्यात आहे. लबाडी करणाऱ्याला आपली कोणती युक्ती लागू पडली हे कळू नये, आणि क्रमांक घसरताच तो घाबरून आणखी लबाडी करतो का हेही पाहता यावं, हा हेतू. पेटंट घेतलेली प्रत्येक युक्ती वापरात असतेच असं नाही. पण क्रमांक पडला म्हणून घाईघाईने लिंका विकत घेणाऱ्याने हे पेटंट जरूर आठवावं.

काही चढउतारांत साइटचा काही संबंधच नसतो. प्रश्न बदललेला असतो. ‘कारंजा सोयाबीन भाव’ असं शोधणाऱ्याला आजचा भाव हवा असतो. कालचं पान कितीही चांगलं असलं तरी त्याला निरुपयोगी. इथे ताजेपणाला वजन मिळतं, त्यामुळे छोटी साइटही काही तासांसाठी वर येऊ शकते आणि दुसऱ्या दिवशी ओसरते. ‘सोयाबीन पिवळा मोझॅक’ हा एरवी संथ प्रश्न, तिथे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या जुन्या, भरवशाच्या स्रोताचं पारडं जड राहणार. पण 2023 च्या सप्टेंबरात विदर्भात हा रोग उसळला, तशा वेळी तोच प्रश्न ताज्या माहितीचा होऊन बसतो. साथ ओसरली की जुना क्रम परत येतो.

आता मराठीचं. 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली, पण जगातल्या वेबसाइटींत मराठीचा वाटा एक टक्क्याच्या आसपासही नाही. स्पर्धा कमी, म्हणून नवं मराठी पान चटकन वर येतं. क्लिक आणि लिंका कमी, म्हणून ते तिथे टिकत नाही. त्यात कुणी ‘सोयाबीन’ टाइप करतं, कुणी ‘सोयाबिन’, कुणी रोमन लिपीत. मुळातच थोडे असलेले शोध आणखी विखुरतात. वाक्याचा अर्थ धरण्यासाठी गूगलने आणलेली ‘बर्ट’ ही भाषाप्रणाली ऑक्टोबर 2019 मध्ये इंग्रजी शोधाला लागू झाली, आणि त्याच डिसेंबरात मराठीसह 70 हून अधिक भाषांना. तिच्यामुळे विभक्तिप्रत्यय आणि शब्दरूपं समजायला मदत झाली असेल, पण लिंका ती पैदा करू शकत नाही.

गावाचं नाव शोधलं की अनेकदा काय पुढे येतं? जनगणनेचे आकडे एकाच साच्यात ओतून हजारो गावांची यंत्राने बनवलेली पानं. त्यांत गावातलं असं काहीच नसतं. गूगलने मार्च 2024 मध्ये अशा घाऊक मजकुराविरुद्ध नियम कडक केले आणि त्या धर्तीच्या बऱ्याच साइटी आपटल्या. गावात राहून, तारखेनिशी लिहिलेल्या खऱ्या नोंदींना त्यामुळे जागा होते, पण ती आपोआप भरत नाही.

आपल्याकडे गावची चांगली माहिती फिरते ती व्हॉट्सॲपवर, स्क्रीनशॉटच्या किंवा फोटोच्या रूपात. क्रॉलरला खासगी ग्रुप दिसत नाहीत, तिथली शाबासकी त्याच्यापर्यंत पोचत नाही. शंभर ग्रुपांत फिरलेला लेख सर्च इंजिनच्या लेखी कुणीच न वाचलेला असू शकतो. म्हणून कृषी विज्ञान केंद्रं, महाविद्यालयं, ग्रामपंचायती, पतसंस्था आणि आम्ही वर्तमानपत्रवाले, सगळ्यांना एक विनंती आहे. गावातल्या एखाद्या साइटवरची माहिती उपयोगी पडली तर आपल्या वेबसाइटवर तिची लिंक द्या. परिपत्रकं आणि पत्रकं फोटो काढून न टाकता युनिकोड मराठीत टाका. आणि इंझोरीसारख्या गावातून लिहायला बसलेल्या तरुणांनो, पहिल्या महिन्याचा क्रमांक मनावर घेऊ नका, लिंका विकत घेऊ नका. आपल्या वावरात काय घडलं ते तारखेसह लिहीत राहा, आणि निकाल पुढचा खरीप निघाल्यावर पाहा.