लायसनवरचा चेहरा कधीचा?

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर, मेट्रो ५ च्या खांबांपाशी, कापडाचे तागे भरलेला टेम्पो आणि घरी निघालेला स्कूटरवाला एकाच गर्दीत अडकतात. दोघांची लायसन्स शेजारी शेजारी ठेवून बघा. टेम्पोवाला फोटोत लगेच ओळखू येतो. स्कूटरवाल्याच्या लायसनवर मात्र त्याचा धाकटा भाऊ असावा असं वाटतं!

कारण मुदतीत आहे. ट्रान्सपोर्टचं लायसन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीआधी तर तीनच वर्षांनी. खासगी गाडीचं लायसन मात्र १९८८ च्या कायद्यात वीस वर्षं किंवा वयाची पन्नाशी, यातलं जे आधी येईल तोवर चालायचं. म्हणजे २००५ साली अठराव्या वर्षी, नुकतं मिसरूड फुटलेलं असताना काढलेला फोटो २०२५ पर्यंत, अडतिशीतही तोच! आता पल्ला आणखी लांबलाय. तिशीच्या आत काढलेलं लायसन थेट चाळिशीपर्यंत चालतं. अठराव्या वर्षीचा चेहरा बावीस वर्षं खिशात.

फ्रान्स याही पुढे. तिथलं गुलाबी कागदी लायसन जन्मभर चालायचं. २०१३ मध्ये पंधरा वर्षांचं कार्ड आलं, पण जुने कागद १९ जानेवारी २०३३ पर्यंत वैध आहेत, त्यामुळे आजोबांच्या लायसनवर आजही कॉलेजकुमार दिसू शकतो. ब्रिटनमध्ये १९९८ पर्यंत लायसनवर फोटोच नव्हता, आता तो दर दहा वर्षांनी बदलावा लागतो. मला अमेरिकेतल्या ॲरिझोनाची पद्धत सगळ्यात शहाणी वाटते: लायसन वयाच्या पासष्टीपर्यंत, पण फोटो आणि नजरेची तपासणी दर बारा वर्षांनी.

आणि ऑस्ट्रियाचे निको आल्म! फोटोत डोक्यावर काही घालायचं तर ते धार्मिक कारणानेच, असा तिथला नियम. पठ्ठ्याने हीच आपली धार्मिक टोपी म्हणत पास्त्याची चाळणी डोक्यावर घालून फोटो दिला आणि २०११ मध्ये तसंच लायसन मिळवलं.

आपल्याकडे खरी गंमत आधारची आहे. घरबसल्या आधारवरून अर्ज केला तर फोटोही आधारमधलाच उचलला जातो. आधारची सुरुवात झाली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला. त्या पहिल्या लाटेत आधार काढलं असेल आणि नंतर हात लावला नसेल, तर नव्या कोऱ्या लायसनवर तोच जुना चेहरा येईल. शिवाय आधारचा फोटो ऑनलाइन बदलत नाही, केंद्रावर जाऊन कॅमेऱ्यासमोर बसावंच लागतं. तेव्हा आधी आधार, मग लायसन. स्वतः फोटो अपलोड करायची वेळ आलीच, तर लायसनच्या ‘सारथी’ या सरकारी पोर्टलवर तो १० ते २० केबीतच बसवावा लागतो, मोबाइलवरचा मोठा फोटो तसाच चालत नाही.

रिन्यूअलचा अर्ज मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येतो. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म १ए, लागतं. मुदत संपून वर्ष उलटलं, तर मात्र गाडी चालवायची टेस्ट नव्याने द्यावी लागते. तेव्हा आजच पाकीट उघडा आणि फोटोबरोबर तारीखही बघून घ्या.