यंत्र बंद केले, पण थांबले का?

पॉवर प्रेस, दुरुस्ती आणि हात

• बोटे सापडतात कुठे : पट्टा आणि पुली, दोन गिअर, दोन रोलर, डायचे वरचे-खालचे भाग.

• उरलेली ताकद : मोटार बंद केली तरी फ्लायव्हील फिरत राहते. जुन्या की-क्लच प्रेसमध्ये क्लच एकदा गुंतला की रॅम फेरी पूर्ण केल्याशिवाय थांबत नाही. हवेच्या सिलिंडरमध्ये दाब उरतो, तो वेगळाच.

• लॉकआउट-टॅगआउट : मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात, वर नावाची पाटी. दाब सोडायचा, रॅमखाली ठोकळा लावायचा, मग स्टार्ट दाबून खात्री करायची. तिघे कामाला असतील तर कुलपे तीन. नुसती ‘काम चालू आहे’ ही पाटी म्हणजे लॉकआउट नव्हे. अमेरिकेत यासाठीचा नियम १९८९ मध्ये आला.

• दोन हातांची बटणे : उत्पादन चालू असताना हात वाचवतात, डाय बदलताना किंवा अडकलेला पत्रा काढताना त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

• कायदा : कारखाने अधिनियम, १९४८ (२०२५ पर्यंत लागू), कलम २२. चालू यंत्राची तपासणी, तेलपाणी फक्त प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगाराकडे असे. अंगावर घट्ट कपडे, नाव नोंदवहीत.

• भरपाईचे गणित : १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या (२०२५ पर्यंत लागू) परिशिष्टानुसार कमाईक्षमतेतील घट – अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७.

• हातमोजे : फिरत्या शाफ्ट, ड्रिलजवळ नकोत. मोजा गुंडाळला जातो, पाठोपाठ हात.

• तुटलेले बोट : ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बर्फाच्या पाण्यात. थेट बर्फावर ठेवू नये.