विथ गिअर की विदाउट? साखऱ्यातल्या सेवा केंद्रावरचा एक दिवस

सकाळी ८
हळद शिजवायचे दिवस. शेतात जायची घाई असलेली माणसं शटर उघडायच्या आधीच ओट्यावर येऊन बसतात. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याची पावती. ही कामं हाताखालून सरकत जातात. वेळ खातं ते लायसन. अर्ज भरायला थोडाच वेळ लागतो, कोणता भरायचा हे ठरवण्यात अर्धी सकाळ जाते.

सकाळी ९
कॉलेजचा पोरगा येतो. "दादा, बाईकचं लायसन काढायचंय."
"विथ गिअर की विदाउट?"
"म्हंजे?"
म्हणजे असं की १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात नेहमीच्या दुचाकीचे दोनच वर्ग आहेत, गिअरची आणि बिनगिअरची. स्प्लेंडर, शाइन, पल्सर एका बाजूला. ॲक्टिव्हा, ज्युपिटर, आपली एक्सएल दुसऱ्या बाजूला. गिअरचं काढलं की स्कूटरही चालवता येते, उलटं चालत नाही. आणि चारचाकीचं लायसन खिशात आहे म्हणून मोटारसायकल चालवणारा माणूस कायद्याच्या लेखी बिनलायसनचाच. गावात असे जीपवाले बरेच आहेत. पकडले तर ५,००० रुपये दंड. त्यापेक्षा वाईट म्हणजे अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिलं लायसनच मागते.

लर्निंगची परीक्षा आता हिंगोलीला न जाता देता येते. आधार, ओटीपी, सुरक्षिततेचा व्हिडिओ आणि मग कॅमेऱ्यासमोर १५ प्रश्न, त्यातले ९ बरोबर यायला हवेत. पोराचा मित्र खांद्यावरून उत्तरं सांगायला वाकतो, त्याला मी बाहेर ओट्यावर बसवतो. "तुम्हीच टाका की उत्तरं," असंही लोक सरळ म्हणतात. नाही टाकत. पुढे वळणावरची पाटी बघून गाडी त्यालाच चालवायची आहे.

सकाळी ११
दिवसातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक: बाप आणि सोळा वर्षांचा मुलगा.
"सोळाव्या वर्षी लायसन भेटतं म्हणायलेत लोकं."
"भेटतं काका. पण ५० सीसीपर्यंतच्याच गाडीचं, आणि तुमची सही लागते."
"मग आपली लुनाच हाय की."
आपल्याकडे प्रत्येक मोपेड लुनाच असते. खरी लुना ५० सीसीची होती, नगरच्या कायनेटिक कारखान्यातली. काकांच्या दारातली एक्सएल ९९.७ सीसीची आहे. ५० सीसीची पेट्रोल गाडी आज शोरूममध्ये मिळत नाही, म्हणजे कायद्यानं ठेवलेलं हे दार बाजारानं बंद केलंय. ते कायद्यातूनही काढून टाकावं, निदान बापलोकांची अशी फसगत तरी होणार नाही.

मग मी २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९ अ वाचून दाखवतो. अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना गुन्हा घडला तर गाडीमालकाला किंवा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन नाही. दंड ऐकून काका हलत नाहीत. पंचविशीचं ऐकून हलतात. पोरगं भरतीची तयारी करायलंय.

बॅटरीची गाडी चालेल का? मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ती कायद्यानं मोटार वाहनच नव्हे, लायसन लागत नाही. दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका, कागदावरचे आकडे बघा. तोवर एसटीचा पास.

दुपारी १
लाईट जाते. भाकरी.

दुपारी २
अंगणवाडीच्या ताई. स्कूटर घेतलीय, विदाउट गिअर काढायचंय. घरी मालकांची स्प्लेंडर आहे, पण ती आपण कशाला चालवू, असं त्यांचं म्हणणं. मी एवढंच सांगतो, ताई, उद्या गिअरची गाडी शिकलात तर नवा वर्ग वाढवायला पुन्हा लर्निंग, पुन्हा परीक्षा, पुन्हा फी. त्या विचार करून सांगते म्हणतात. बायकांनी विदाउट काढायचं हे गावानं ठरवून टाकलंय, कायद्यानं नाही.

दुपारी ४
पुण्याला कंपनीत असलेला एकजण सुट्टीवर आलाय. बुलेट घ्यायचीय. "साडेतीनशे सीसीला वेगळं लायसन?"
नाही. शंभर सीसीची स्प्लेंडर आणि साडेसहाशेची इंटरसेप्टर, दोन्हीला एकच विथ गिअर. युरोपात पायऱ्या आहेत. १२५ सीसीपर्यंत एक वर्ग, ३५ किलोवॅटपर्यंत दुसरा, आणि सगळ्यात मोठ्या गाडीसाठी दोन वर्षांचा अनुभव किंवा सहसा वयाची २४ वर्षं. आपल्याकडे अठराव्या वर्षी स्प्लेंडरवर आठ काढणारा पोरगा दुसऱ्या दिवशी कुठलीही गाडी पळवू शकतो. मला हे पटत नाही. पण सीसीची चिंता करत लायसन लांबवणाऱ्यांना सांगतो, तुमच्यासाठी वर्ग एकच.

संध्याकाळी ६
हिंगोलीहून पक्क्या लायसनची परीक्षा देऊन आलेले थांबतात. दोघं पास. तिसरा परत पाठवलेला, अर्ज विथ गिअरचा आणि मैदानावर नेली बहिणीची स्कूटर. ज्या वर्गाचं लायसन मागता त्याच वर्गाची गाडी लागते. चौथ्याच्या गाडीचा विमा संपलेला.

तुम्ही येणार असाल तर एवढं करून या. लर्निंग सहा महिनेच चालतं आणि परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते, म्हणून महिना झाला की तारीख घ्या. तोवर पाटीवर लाल 'एल' लावा आणि मागे बसवलात तर लायसनवाला शिकवणाराच बसवा. मैदानावर जायच्या आदल्या दिवशी आरसी, विमा आणि पीयूसी काढून त्यावरच्या तारखा वाचा.